नाथाजीचा गळ आणि अव्वाचा उपास

आयुष्यातला पहिला जिवंत मासा नाथाजीनं हातात धरला तेव्हा त्याचं वय बत्तीस होतं, आणि तो मासा आमच्या विहिरीतला होता. नाथाजी माण तालुक्यातला. तिकडं माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं माशाला पोहायला कुठलं? त्यानं लहानपणी पाहिले होते ते बाजारात गोणीतून येणारे सुके बोंबील. मासा जन्मतःच वाळलेला असतो असं तेव्हा वाटायचं, असं तो मला एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला होता. तो थट्टा करतोय की खरं सांगतोय, हे त्याच्या तोंडाकडं बघून कधी कळायचं नाही. अशा माणसाला माझ्या सासूबाईंच्या जिवासाठी गळ टाकून बसावं लागलं. ती हकीकत मी लिहून ठेवते आहे, कारण त्याचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते कुणाला माहीत नाहीत.

आमचं गाव कसबे डिग्रज, सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. घर जैनांचं, धंदा शेतीचा. माझे यजमान रामगोंडा पाटील, आणि त्यांची आई चंपाबाई. तिला घरचेदारचे सगळे अव्वा म्हणत. मी त्या घरात पंधराव्या वर्षी सून म्हणून आले. अव्वाचं आणि माझं गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या हातची आमटी तिला कधी अळणी लागायची, कधी खारट, आणि एकाच जेवणात दोन्ही लागायची असेही दिवस होते. पण बाई खरी होती. सूर्य मावळल्यावर घोटभर पाणी घ्यायची नाही. गाळल्याशिवाय पाणी वापरायची नाही, आणि गाळलेलं फडकं परत विहिरीच्याच पाण्यात धुवायला लावायची, कारण फडक्यात अडकलेले जीव त्यांच्या त्यांच्या घरी गेले पाहिजेत. त्या फडक्यापायी मी विहिरीच्या किती पायऱ्या चढले-उतरले असेन ते माझे गुडघेच सांगतील.

नाथाजी आमच्याकडं आला सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर. लढाईत तो इटलीत मोटारी दुरुस्त करत होता. लढाई संपली, सरकारनं हातात एक कागद दिला आणि घरी पाठवलं. त्याच सुमाराला आमच्या यजमानांनी मोट सोडून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं, आणि ते सुरू कसं करायचं हे गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. नाथाजीनं इंजिनाभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी कान लावला आणि दुपारपर्यंत ते चालवून दाखवलं. मग तो राहिलाच. बायको शालूबाई आणि दोन मुलं माणात, हा इंजिनाच्या खोलीत. जेवण आमच्या घरचं, पण ओट्यावर, ताट वेगळं, पाणी वरून. सांगलीच्या बाजाराला गेला की खाणावळीत मासे खाऊन यायचा आणि लपवायचा नाही. अव्वा त्याला काही बोलायची नाही, फक्त त्या दिवशी त्याचं ताट हातभर लांब ठेवायची.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात विहीर आटायला लागली आणि ऊस पिवळा पडला. सुरुंग लावून विहीर आणखी खोल न्यायचं ठरलं. सुरुंगवाल्यांना अक्षय्य तृतीयेनंतरचा दिवस दिला. त्याआधी पाणी उपसायला हवं, म्हणून चैत्र वद्य नवमीला सकाळी नाथाजीनं इंजिन सुरू केलं. विहिरीत मासे आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात पुराचं पाणी मळ्यात शिरलं तेव्हा ते नदीतून आले आणि तिथंच नांदले. कुणी त्यांच्या वाटेला गेलं नव्हतं. पण पाणी खाली गेलं तसे ते पाइपाच्या तोंडाशी गोळा झाले असावेत. अव्वा पाटाच्या कडेला तुरी निवडत बसली होती. पाण्यातून चकचकीत तुकडे वाहत येताना तिला दिसले. एक तिनं उचलून हातात घेतला. अर्धा मासा होता, आणि त्याचं तोंड अजून हलत होतं.

तिनं इंजिन बंद करायला लावलं. तो तुकडा पदराच्या टोकावर ठेवून घरी आली, मुलाला समोर बोलावलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "ह्या हिरीतला शेवटचा मासा जित्ता नदीला पोचंपतोर मी अन्नाला शिवणार न्हाई. तवर इंजनाला बी कुणी हात लावायचा न्हाई."

अव्वाचं वय तेव्हा अडुसष्ट. दिवसातून एकदा उकळून निवलेलं पाणी, एवढ्यावर ती बसली. यजमान आईसमोर काही बोलले नाहीत, माझ्यासमोर मात्र तासभर बोलले. ऊस वाळतोय, सुरुंगवाले निघून जातील, आणि हिला माशांचं पडलंय, असं सगळं. मी काय करणार होते? बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, उपाध्यांना बोलावलं. त्यांनी अव्वाला समजावलं की पाण्यात जीव अगणित असतात, चुलीवर पाणी उकळताना सुद्धा हिंसा होतेच, सगळ्यांचा हिशेब कुणी धरत नाही. अव्वानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डोळ्याला न दिसणाऱ्यांचं तुम्ही बघा, जो मी हातात धरला त्याचं मी बघते. उपाध्ये चहा न घेता गेले.

मग हरिपूरहून अर्जुना भोयाला आणलं. हरिपूर म्हणजे वारणा कृष्णेला मिळते ते गाव, आणि अर्जुनाची हयात त्या संगमावर गेलेली. त्यानं जाळं टाकलं. आमच्या विहिरीच्या तळाला कपारी, शिवाय जुन्या मोटेचं एक लाकूड पडलेलं. जाळं त्यात अडकलं, फाटलं, आणि वर आलं तेव्हा तीन मासे त्यात गळफास बसून मेलेले होते. अव्वानं त्या दिवशी पाणीही घेतलं नाही. अर्जुनानं हात टेकले. चुलीपर्यंत न्यायचा नाही असा मासा त्यानं जन्मात धरला नव्हता, आणि ह्या कामात आपला हात चालत नाही असं त्यानं सरळ सांगितलं. जाळ्याचं हे कामच नाही, म्हणाला. एकेक करून गळानं काढावे लागतील, आणि तेवढी सवड असलेला माणूस हवा.

नाथाजी तिथं उभा होता. "मला शिकवा," तो म्हणाला. यजमानांनी त्याला विचारलं की तुझा ह्यात काय संबंध? तो म्हणाला, "इंजन मी चालू केलं व्हतं."

यजमानांची सायकल घेऊन तो हरिपूरला गेला आणि दीड दिवस अर्जुनाच्या शेजारी संगमावर बसला. तिथं काय झालं ते मला नंतर अर्जुनानंच सांगितलं. पहिल्या माशानं गळ ओढला तेव्हा नाथाजीनं काठीला असा काही हिसका दिला की मासा त्याच्या डोक्यावरून मागं उडून बाभळीला जाऊन लटकला. दुसऱ्या वेळी गळ स्वतःच्याच धोतरात. तिसऱ्या वेळी मासा होता, पण हा एवढा हरखला की काठीच सोडून दिली, आणि अर्जुनाला काठीसाठी पोहत जावं लागलं. फौजेत तुला बंदूक कुणी दिली, असं अर्जुना त्याला म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा नाथाजीला चार गोष्टी कळल्या होत्या: मासा ओढतो तेव्हा ओढायचं नाही, सावली पाण्यात पडू द्यायची नाही, प्रत्येक माशाचं तोंड वेगळं आणि भूक वेगळी, आणि बोलायचं नाही. शेवटची त्याला आधीपासून येत होती.

येताना वेळूची काठी, दोऱ्याचं गुंडाळं, तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचे तुकडे आणि पाच-सहा गळ घेऊन आला. पण गळ अव्वाला दाखवताच तिनं मान फिरवली. तोंडात लोखंड खुपसून वाचवायचं, हे कसलं वाचवणं, असं तिचं म्हणणं. तेही खरंच होतं. नाथाजी इंजिनाच्या खोलीत गेला. गळाच्या टोकाला मागं वळलेला एक बारीक काटा असतो, त्यानं मासा सुटत नाही. नाथाजीनं कानशीनं घासून घासून तो काटा काढून टाकला. मग तो गळ घेऊन परत अव्वासमोर आला, खालचा ओठ दोन बोटांत धरला आणि गळ आरपार घातला. मी किंचाळले. त्यानं शांतपणे गळ मागं फिरवून काढला, ओठावरचा रक्ताचा थेंब पुसला आणि म्हणाला, "दुखतंय, पर यवढंच. मरत न्हाई."

अव्वानं त्याचा ओठ नीट बघून घेतला. मग प्रत्येक माशामागं मी णमोकार मंत्र म्हणीन, एवढं बोलून तिनं परवानगी दिली. आणखी एक अट घातली. गांडूळ, किडा असलं काही गळाला लावायचं नाही. एकाचा जीव वाचवायला दुसऱ्याचा घ्यायचा नाही. अर्जुनाला हे कळलं तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, मग त्या माशांना काय श्रीखंड-पुरी घालणार?

श्रीखंड-पुरी नाही, पण ज्वारीचं पीठ मी मळून देत होते. चौथ्या दिवशी सकाळी नाथाजीनं पहिला मासा काढला, मळ्या जातीचा. वीतभर, चपटा, रुपेरी. पाण्यातून वर येताना त्याच्या अंगावर ऊन पडलं आणि नाथाजी बघतच राहिला. इतका बघत राहिला की मला ओरडून सांगावं लागलं, अरे हंड्यात सोड त्याला. ओल्या हातानं धरायचं, गळ मागं फिरवायचा, हंड्यात सोडायचं. हंडा भरला की बैलगाडीनं नदीवर. अव्वा त्या दिवशी विहिरीच्या काठावर येऊन बसली होती. मळ्या हंड्यात पडला की ओठ हलायचे. दुपारपर्यंत तिचे ओठ सारखे हलत होते.

बारक्या चिंगळ्या काठीला दाद देत नव्हत्या. त्यांच्यासाठी पीठ लावलेली दुरडी बुडवून अलगद वर उचलायची युक्ती नाथाजीनं काढली. मग आला शिंगटा. मिशावाला, तळाशी राहणारा, आणि नुसत्या पिठाला ढुंकून न बघणारा. अर्जुनानं सांगितलेलं आठवून नाथाजीनं माझ्याकडं हिंग मागितला. हिंग घातलेलं पीठ तळाला सोडलं आणि शिंगटे असे आले की जणू आवतण दिलं होतं. ह्या माशाच्या कल्ल्यांशी काटे असतात आणि पाठीवरही, हे त्याला सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं आणि सोसलेलं ह्यात फरक असतो. पहिल्याच शिंगट्यानं त्याच्या तळव्यात काटा रोवला. कोपरापर्यंत हात सुजला. रात्रभर मी मिठाच्या पाण्याचा शेक द्यायला यजमानांकडून गरम पाणी पाठवत होते, आणि सकाळी बघते तर तो डाव्या हातानं काठी धरून बसलेला. मला विचारलं तर म्हणाला, चूक माझी हाय, त्यानं त्याचं घर राखलं.

त्याला त्या माशांची गोडी लागली होती, हे मला तेव्हा दिसायला लागलं. नवा मासा काढला की तो हंड्यात वाकून त्याच्या मिशा, शेपूट, पोटाखालचा रंग बघायचा. नाव ठाऊक नसेल तर अर्जुनाकडं निरोप धाडायचा, अशी अशी शेपूट आहे, कोण हा? माणसाची विचारपूस करावी तसं. "वैनी," तो मला म्हणाला, "बत्तीस वरसं झाली, ह्यांची वळखच न्हवती मला."

सातव्या दिवसापासून अव्वाला उठवेना. आठव्या दिवशी बसवेना. गावात कुजबुज सुरू झाली की चंपाअव्वा समाधी घेणार. बायका पाया पडायला यायला लागल्या. नारळ घेऊन आलेल्या एकीला मी दारातूनच परत पाठवलं, मग घरात येऊन रडले. तिच्या कुरबुरींचा मला इतकी वर्षं त्रास झाला, आणि आता ती कुरबुर करत नव्हती तर घर खायला उठत होतं. आमटी केली तरी ती चाखून नावं ठेवणारं कुणी नव्हतं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की ही बाई गेली तर मी पोरकी होणार आहे.

नवव्या दिवशी वाम निघाले. सापासारखा लांब मासा, कपारीत राहतो, पिठाला शिवत नाही. नाथाजीनं इंजिनाचा एक जुना निकामी पाइप दोरीला बांधून संध्याकाळी तळाला सोडून ठेवला होता. सकाळी दोन्ही तोंडांवर हात ठेवून वर काढला तर आत तीन वाम. अंधारी पोकळी दिसली की ते आपणहून आत शिरतात, ही अर्जुनाची शिकवण. त्यानंतर दिवसभर काठीचं चिपाड हललं नाही. दुरडीत काही आलं नाही. यजमान म्हणाले, झालं, संपले.

दुसरा दिवस अक्षय्य तृतीयेचा. आमच्यात ह्या दिवसाचं मोठं महत्त्व. पहिल्या तीर्थंकरांनी वर्षभराच्या उपासाचं पारणं ह्याच दिवशी उसाच्या रसानं केलं. पारण्याला ह्याहून चांगला दिवस कुठला? उपाध्ये आले. पाहुणे आले. यजमानांनी उसाची कांडकी कुटून रस काढायची तयारी केली. अव्वानं अंथरुणावरून हळू आवाजात एवढंच सांगितलं, की नाथाजी सांगेल तेव्हा मी घेईन, दुसऱ्या कुणाच्या शब्दावर नाही. मी धावतच मळ्यात गेले.

नाथाजी विहिरीच्या काठावर पालथा पडून पाण्याकडं बघत होता. म्हणाला, अजून निदान एक हाय. पहाटे एक काळं डोकं वर आलेलं त्यानं पाहिलं होतं. वर आलं, हवेचा घोट घेतला आणि गेलं. मरळ. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. पाणी गढूळ होतं, लाकडाचा तुकडा असेल, बेडूक असेल. आणि असला मासा तरी एक मासा.

मी त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले. सांग की संपले म्हणून. एक शब्द सांग. आज दिवस चांगला आहे, उद्यापर्यंत ती राहील की नाही कुणाला ठाऊक. नंतर तो मासा तू सावकाश काढ, मी सुरुंगवाल्यांना थांबवते, कुणाला कळणार नाही. हे सगळं मी बोलले. मी, रोज बस्तीत जाणारी.

तो उठून बसला. सुजलेल्या हाताकडं बघत म्हणाला, "वैनी, एकदा मी 'गाडी ठीक हाय' म्हणून सांगितलं व्हतं. सायबाला घाई व्हती. गाडी घाटात दरीत गेली. डायवर आपल्या विट्याचा व्हता." मग म्हणाला, "अव्वा माझ्या शब्दावर घास घेनार. तो घास मला खोटा द्याचा न्हाई."

मला त्याचा राग आला. आज लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी मनात त्याला काय काय म्हणाले. घरी गेले आणि पाहुण्यांना सांगितलं, अजून एक आहे. यजमानांनी रसाचं भांडं खाली ठेवलं. चांगला दिवस तसाच गेला.

नाथाजी अव्वाकडं आला, उंबऱ्याबाहेर बसला आणि तिला सगळं सरळ सांगितलं. मरळ आहे, पीठ खात नाही, मेलेलं काही खात नाही, पाण्यावर हलणारा बेडूक हवा, आणि बेडूक लावायला तुम्ही मनाई केली आहे. अव्वानं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मग ती म्हणाली, "बेडकासारखं दिसलं तर चालंल त्येला?" नाथाजी विचारात पडला. इटलीत एक साहेब पिसांची खोटी माशी करून नदीवर टाकत होता, ते त्यानं पाहिलं होतं. चालेल, म्हणाला.

अव्वानं मला तिची पेटी आणायला लावली. तिच्या हिरव्या खणाच्या चोळीचा तुकडा काढला. सुई मी ओवून दिली, पण टाके तिनंच घातले. पोटात कापूस भरला, चार पाय काढले, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. माशाला फसवणं हे पाप नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली असेल, पण ते माझ्या हातानं होतंय, त्याचं मी बघीन. बेडूक कसा झाला होता म्हणाल तर अगदी गुबगुबीत. मला हसू आलं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिलाही आलं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर नाथाजीनं तो खणाचा बेडूक पाण्यावर टाकला आणि दोऱ्याला हळूहळू टिचक्या देत ओढू लागला. चार वेळा काही नाही. पाचव्यांदा पाणी असं फुटलं की मी मागं सरले. हातभर काळाभोर मासा. काठी वाकून अर्धी झाली, पण नाथाजीनं हिसका दिला नाही. मासा ओढत होता तेव्हा सोडत गेला, थकला तेव्हा जवळ घेतला. मोठ्या हंड्यात सोडला आणि त्याच क्षणी आम्हाला पाण्यावर ते दिसलं. तांबूस, बारीक, कुंकवाच्या करंड्यातलं कुंकू सांडल्यासारखं. शेकडो पिल्लं. आणि त्यांच्याखाली आणखी एक काळी सावली.

बेडूक भुकेपोटी धरला नव्हता तर. मरळीचा जोडा पिल्लांना राखत बसलेला होता. अव्वाला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, बिऱ्हाड मोडू नका, एकत्रच न्या. दुसरी मरळ दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बेडकावर आली. पिल्लांसाठी अव्वाचं जुनं लुगडं घेतलं. नाथाजीला पोहता येत नव्हतं. यजमानांनी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि हरिपूरहून बोलावलेला अर्जुना त्याच्या जोडीला पाण्यात उतरला. लुगड्याची दोन टोकं दोघांनी धरून पिल्लांच्या खालून उचललं. सगळी सापडेपर्यंत सात-आठ वेळा. संध्याकाळी सगळं बिऱ्हाड एका जागी कृष्णेत सोडलं. मी बरोबर गेले होते. मोठे दोघं थोडे लांब गेले, मग वळून पिल्लांपाशी परत आले.

तरीही नाथाजी हो म्हणाला नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो पुन्हा दोर बांधून विहिरीत उतरला आणि एकेका कपारीत हात घालून तपासत गेला, शिंगट्यानं फोडलेला तोच हात. दुपारी ओल्या कपड्यांनी घरी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "अव्वा, हीर मोकळी हाय," म्हणाला. "एक बी ऱ्हायला न्हाई."

उपाध्ये होते, यजमान होते, पाहुण्या बायका होत्या. मी रसाचा तांब्या घेऊन पुढं झाले. अव्वाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आमच्या जातीबाहेरच्या हातचं पाणीसुद्धा तिनं कधी घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "नाथाजीला आत बोलवा. त्येच्या हातानं घीन."

उपाध्ये काहीतरी बोलणार होते, पण यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नाथाजी आत यायला तयार नव्हता. माझ्या हाताला माशांचा वास हाय, म्हणाला.

"असू दे," अव्वा म्हणाली. "जित्त्या माशांचा हाय."

तो आला, गुडघ्यावर बसला. मी तांब्यातून वाटीत रस ओतला आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं ती पुढं केली. अव्वानं वाटीला हात लावला, पण ओठांना लावली नाही. त्याच्याकडं बघून म्हणाली, "आदुगर एक सांग. हीर मोकळी झाली म्हणून खोटं सांग, असं तुला कुणी म्हणालं व्हतं का?"

माझ्या हातातला तांब्या मी दोन्ही हातांनी धरला. सगळं घर तिथं उभं होतं. नाथाजीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई अव्वा," तो म्हणाला. "कुणी न्हाई."

अव्वानं वाटी ओठांना लावली आणि रस प्यायली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. नाथाजी आमच्याकडं सहा वर्षं होता, पुढं माणातल्या विहिरींवरही इंजिनं आली आणि तो आपल्या बायकामुलांत गेला. त्या बारा दिवसांत तो एवढं एकच खोटं बोलला. अव्वाच्या जिवासाठी जे त्यानं केलं नाही, ते माझ्या अब्रूसाठी केलं. मी त्याचे आभार मानायला हवे होते, पण तो विषय त्यानं कधी निघूच दिला नाही. आता अव्वा नाही, यजमान नाहीत, म्हणून माझ्या हातानं लिहून ठेवते, की त्याला तसं म्हणणारी मी होते.